टोपण माझ्या मुठीत होतं

पोस्टात कोणी पेन मागितलं तर नाही म्हणू नये, पण टोपण आपल्याजवळ ठेवून घ्यावं, अशी शिकवण मला वडिलांनी दिली होती. उघडं पेन खिशाला लावून कोणी घरी जात नाही, एवढंच त्यामागचं शास्त्र. त्या दिवशी मी ते इतक्या निष्ठेने पाळलं की टोपण मुठीत, मूठ खिशात आणि नजर खिडकीतल्या बाबूवर, असा रांगेत उभा राहिलो.

पेन मागणारा माणूस कामठीचा होता. काखेत मांजरपाटात शिवलेलं पार्सल. "दोन मिनिटं द्या जी, पत्ता लिवून घेतो," म्हणाला. पत्ता म्हणजे फॉर्मवर, असं मी धरून चाललो. पार्सल माझ्या डोळ्यांसमोर होतं, त्यावर पत्ता नव्हता, हेही दिसत होतं. पण दिसणं आणि कळणं यांच्यामध्ये माझ्या बाबतीत नेहमीच थोडा वेळ जातो.

मी वळून पाहिलं तेव्हा तो तालुका संपवून जिल्ह्यापर्यंत आला होता. मांजरपाटावर. खाली पार्सलात लुगडी असावीत, त्यामुळे निब मऊ जागी रुतायची आणि मग तो ती दोन्ही हातांनी ओढायचा, ढेकळांतून वखर ओढावा तशी. जिल्हा पूर्ण करून त्याने पेन मला अदबीने परत दिलं.

"लय चांगलं पेन हाय जी. शेवटी शेवटी थोडं अडकून राहिलं."

निबेची एक पाकळी वर उठली होती आणि दुसरी खाली वळली होती. खालच्या पाकळीचं टोकच नव्हतं. ते बहुधा पार्सलाबरोबर पुढच्या गावी जाणार होतं.

टोपण मात्र माझ्या मुठीत शाबूत होतं.

आता मुख्य गोष्ट सांगतो, जी मी आतापर्यंत टाळत होतो. पेन माझं नव्हतं. माझं पेन खिशातल्या खिशात शाई सोडायचं, म्हणून ते मी घरी ठेवलं होतं. हे पेन माझ्या सासऱ्यांचं होतं आणि ते मी त्यांना न विचारता आणलं होतं. विचारायची सोय नव्हती, कारण दोनच दिवसांपूर्वी त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि ते दोन्ही डोळ्यांना पट्टी बांधून इस्पितळात निजलेले होते. डोकं हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. अशा माणसाला पेनाबद्दल काय विचारायचं? ऑपरेशन नीट झालं असं एक कार्ड कळमेश्वरला सासूबाईंना टाकायचं होतं. त्या तिथे घर आणि म्हैस सांभाळून होत्या. म्हटलं, सासऱ्यांच्याच पेनाने लिहिलेलं कार्ड पाहून त्यांना बरं वाटेल. कार्ड मी आधीच लिहून पेटीत टाकलं होतं; रांगेत उभा होतो तो पुढची कार्डं घ्यायला. 'सर्व ठीक आहे. काळजी नसावी.' निबेच्या हातून गेलेली ही शेवटची दोन वाक्यं.

सासरे शाळेत हेडमास्तर होते. निवृत्त झाले तरी हेडमास्तरच होते. ते पेन त्यांनी हेडमास्तर झाल्या वर्षी घेतलेलं, आणि गेली पंचवीस वर्षं त्याला दुसऱ्या कोणाचा हात लागू दिला नव्हता. दर रविवारी सकाळी ते त्या पेनाने आपल्या मुलीला, म्हणजे माझ्या बायकोला, पत्र लिहीत. कळमेश्वरहून नागपूर बसने तासाभराचं. सोमवारी ते स्वतः आले असते तरी पत्राच्या आधी पोहोचले असते. पण पत्र म्हणजे पत्र. जाड-बारीक वळणाचं, बोरूने काढल्यासारखं अक्षर. ते माझ्या बायकोच्या ट्रंकेत नाडीने बांधलेल्या गठ्ठ्यात साठत गेलं होतं.

मी निबेच्या पाकळ्या बोटांनी जमतील तेवढ्या जवळ आणल्या, वर टोपण लावलं आणि पेन घरी त्यांच्या कोटाच्या खिशात जसंच्या तसं ठेवून दिलं. बाहेरून पाहणाऱ्याला काही कळलं नसतं. टोपणाचा हा एक फार मोठा गुण आहे.

त्या संध्याकाळी इस्पितळात गेलो तर सासरे मोठ्या खुशीत होते. डॉक्टर नुकतेच येऊन गेले होते. डाव्या डोळ्यातही मोतीबिंदू वाढतो आहे, तो फार दिवस ठेवू नका, लवकर करून टाका, असं सांगून गेले होते. बायको म्हणाली, "मग करूनच टाकू ना बाबा."

"असं नाही," सासरे वाळूच्या पिशव्यांमधून म्हणाले. "एकदम दोन्ही डोळे कोणाच्या हवाली करायचे नसतात. दीड महिन्याने चष्मा मिळणार आहे. चष्मा लावला की मी आधी माझ्या पेनाने पानभर लिहून पाहीन. अक्षर पूर्वीसारखं आलं तर समजेन ऑपरेशन फळलं. मग दुसरा डोळाही घ्या म्हणावं. आणि नाही आलं, तर जेवढं दिसतं तेवढं बस्स झालं. उरलेला डोळा मी घेऊन जाईन कळमेश्वरला."

"अहो बाबा, अक्षर आणि डोळा..." बायको म्हणायला लागली.

"अक्षरात डोळा दिसतो," हेडमास्तर म्हणाले, आणि विषय संपला.

मी पलंगाच्या पायथ्याशी उभा होतो. माझ्या लक्षात आलं की मी पोस्टात नुसती निब मोडून आलो नव्हतो. कामठीच्या त्या माणसाच्या मदतीने मी सासऱ्यांचा डावा डोळा मोडून आलो होतो. खरं सांगून टाकावं, असं वाटलं. पण ज्या माणसाला खोकायचीही बंदी आहे, त्याला असं काही कसं सांगायचं? हे मी स्वतःला समजावलं. माझी समजूत फार लवकर पटते.

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर बर्डीवर, बाजारात गेलो. तिथल्या एका दुकानदाराने पुठ्ठ्यावर टाचलेल्या निबा माझ्यापुढे ठेवल्या आणि वर उपदेशही केला. "निबा आता कोन विचारते साहेब? बॉलपेन घ्या. पडलं तं पडू द्या, वाकत नाई, झिरपत नाई." मी त्यातली एक निब घेतली आणि घरी मोरीत कडी लावून बसलो. जुनी निब गरम पाण्यात भिजवून, ओढून काढली. नवी बसवली. कागदावर 'श्री' काढला. शाई आली, अक्षर आलं, पण ते कसं, तर काड्या मोडून मांडल्यासारखं. सगळीकडे सारखंच बारीक. सासऱ्यांच्या 'श्री'ला अंग होतं. माझ्या 'श्री'ला नुसती हाडं.

बाहेरून बायको म्हणाली, "आत काय करून राहिलात एवढा वेळ?"

"दाढी."

मी बाहेर आलो. तिने माझ्याकडे पाहिलं. हनुवटीवर, गालावर आणि एका कानावर निळी शाई होती.

"छान झाली," ती म्हणाली आणि पोळ्या लाटायला बसली.

मग इतवारी. तिथल्या ठोक व्यापाऱ्याला एक निब मागितल्यावर तो माझ्याकडे असा पाहत राहिला, जणू मी त्याच्याकडे तांदळाचा एक दाणा मागितला होता. पण माणूस भला. मोडकी निब पाहून म्हणाला, "हे दुकानाचं काम नोहे. बर्डीवर, बंद सिनेमाच्या ओट्यावर एक म्हातारबा बसते. पेनाचा डॉक्टर. त्याले दाखवा."

म्हणजे आदल्या दिवशी मी ज्या ओट्यावर पाय ठेवून बुटाची नाडी बांधली होती, तोच ओटा. म्हातारबा तेव्हाही तिथे असणारच. माझ्या त्या दिसण्या-कळण्याविषयी वर लिहिलंच आहे.

त्यांच्यापुढे काचेच्या झाकणाची एक लाकडी पेटी होती. पेटीत मेलेली पेनं ओळीने निजवलेली, आणि चुन्याच्या रिकाम्या डब्यांमध्ये निबा वेगवेगळ्या ठेवलेल्या. त्यांनी माझ्याकडून पेन घेतलं, बोटांत फिरवलं.

"कोनाचं हाय?"

"माझं."

"आंगठा दाखवा."

मी अंगठा दाखवला. त्यांनी पेनाची एक जागा दाखवली, जी घासून गुळगुळीत झाली होती. "पेनाच्या मालकाचा आंगठा इथं बसते. तुमचा बसून पाहा बरं." माझा अंगठा तिथे बसला नाही. तो शेजारी कुठेतरी, भाडेकरूसारखा अवघडून राहिला.

"सासऱ्यांचं आहे," मी म्हणालो.

"मंग बरोबर." त्यांनी डोळ्याला भिंग लावलं आणि मी रुमालातून काढून दिलेली मोडकी निब जवळ धरली. "हिले काय झालं?"

"पडली."

"पडली असती तं टोक चेपलं असतं." त्यांनी चिमट्याने निबेच्या फटीतून काहीतरी हळूच ओढून काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. मांजरपाटाचा पांढरा धागा होता. "कपड्यावर लिवलं कोनी तरी. काहून?"

मग मी सगळं सांगितलं. पोस्ट, पार्सल, जिल्हा, वाळूच्या पिशव्या, डावा डोळा. बायकोला सांगायची हिंमत झाली नव्हती ते एका अनोळखी म्हाताऱ्याला फूटपाथवर बसून सांगितलं. ऐकताना त्यांचं भिंग डोळ्यालाच होतं, त्यामुळे त्यांच्या एका डोळ्याला माझ्याबद्दल काय वाटतं ते कळलं नाही. दुसऱ्याला हसू येत होतं.

"निबेची फिकीर नाई," ते शेवटी म्हणाले. "मापाची निब माह्याकडे हाय. पन ही घासेल होती. तिरकी. बोरूवाल्याचा हात हाय हा. विलायती निब गोल टोकाची असते, तिच्यानं मराठी लिवलं तं अक्षर उपाशी दिसते. म्हनून मराठीवाले मास्तर लोक निब घासून घेत. मी घासून देतो. पन कोनत्या बाजूनं, किती, हे हात पाहूनच. चप्पल शिवाची तं ज्याचा पाय त्याचं माप लागते, जवायाचं नाई." 

"म्हणजे?"

"दोन गोष्टी आना. तुमचे सासरे पेन किती वाकडं धरते, ते पाहून या. अन् त्याइच्या हातचा एक कागद, ताजा."

पहिली गोष्ट सोपी वाटली होती. इस्पितळात गेलो, बायको डबा धुवायला नळावर गेली ती वेळ साधून म्हटलं, "बाबा, पेन कसं धरता तुम्ही?"

"का हो?"

आता बांधलेल्या डोळ्यांच्या माणसाला पेन धरून दाखवा म्हणण्याचं कारण काय सांगणार? जे आधी सुचलं ते बोललो. "माझं अक्षर सुधारावं म्हणतो."

त्यांनी पांघरुणातून हात बाहेर काढला आणि हवेत काहीतरी चाचपडलं, तो माझा दंड होता. "जावईबापू," ते म्हणाले, "नऊ वर्षं वाट पाहिली. तुमची पत्रं येत तेव्हा मी स्वतःशी म्हणायचो, आपण बोलू नये, त्यांचं त्यांना कळेल."

मी त्यांच्या बोटांत पेन्सिल दिली. ती त्यांनी हवेतच कागदावर धरल्यासारखी धरली. मी खिशातून कोनमापक काढून पेन्सिलीला लावला.

"काय टोचतंय?"

"डास होता."

पंचेचाळीस अंश, थोडा कमीच. काम झालं होतं. पण हेडमास्तरांचं काम तर आता सुरू झालं होतं. "उद्यापासून रोज एक पान कित्ता. पहिला आठवडा नुसते उभे दांडे. मला दिसत नाही तोवर ही तपासेल आणि मला सांगेल." ही म्हणजे माझी बायको, जी धुतलेला डबा घेऊन दारात उभी होती.

"कसला कित्ता?" तिने विचारलं.

"जावईबापूंना अक्षर सुधारायचंय."

"अगबाई," ती म्हणाली. एवढंच. पण लग्नाला नऊ वर्षं झाली की त्या एका शब्दातून माणसाला पुष्कळ ऐकू येतं.

अशा रीतीने पस्तिशीला टेकलेला मी, पाटबंधाऱ्याच्या कचेरीतला कारकून, रोज संध्याकाळी पाटावर बसून उभे दांडे काढू लागलो. बायको वही इस्पितळात नेऊन वडिलांना अहवाल द्यायची. "बाबा, आज एकोणीस दांडे सरळ आहेत. बाकीचे वाऱ्यात आहेत." सासरे म्हणायचे, "राहू दे, हळूहळू होईल. मनाने चांगले आहेत."

आठवड्याने ते आमच्याकडे घरी आले. डोळ्यावर हिरव्या कापडाची झापड, वाचन-लेखन बंद. आल्या आल्या त्यांनी कोट मागितला, खिशातलं पेन हाताने चाचपलं, टोपण जाग्यावर असल्याचं पाहिलं, आणि मगच पाणी प्यायले. पेन आता रात्रंदिवस त्यांच्या सदऱ्याच्या खिशाला होतं. त्याला निब नव्हती. निब आणि तिच्याखालची काळी जीभ माझ्या टेबलाच्या खणात, काड्यापेटीत होती. टोपणाखाली नुसतं भोक होतं.

एकदा दुपारी त्यांनी खिशातून पेन काढलं आणि टोपणाचे आटे फिरवू लागले. "नुसतं हातात धरून पाहतो," म्हणाले. मी जेवता जेवता अर्धा उठलो.

"बाबा, ते आत ठेवा," स्वयंपाकघरातून बायको म्हणाली. "डॉक्टरांनी सांगितलंय. पेन उघडलं की लिहावंसं वाटतं आणि लिहिलं की डोळ्यावर ताण येतो." सासऱ्यांनी निमूटपणे आटे परत फिरवले. बायकोच्या या वेळेवर धावून येण्याचं मला तेव्हा नुसतं कौतुक वाटलं. पुढचा विचार करण्याची मला सवय नाही.

राहिला कागद. कागद एकाच ठिकाणी होता, ट्रंकेतल्या गठ्ठ्यात. सगळ्यांत वरचं पत्र ऑपरेशनच्या आधीच्या आठवड्यातलं होतं, पण त्यात अक्षर डोळ्यांमुळे डगमगलेलं दिसलं. म्हणून मधलं एक काढलं. दुसऱ्याचं पत्र वाचू नये हीसुद्धा वडिलांची शिकवण, म्हणून न वाचता घडी करून खिशात घातलं. गठ्ठ्याला पुन्हा गाठ मारली, नीट घट्ट.

म्हातारबांनी पत्र उलगडलं आणि भिंग लावलं. मला वाटलं अक्षर पाहतील. ते मोठ्याने वाचू लागले.

"चिरंजीव सौभाग्यवतीस अनेक आशीर्वाद. तुम्ही दोघं दिवाळीला येऊन गेलात, घर भरल्यासारखं वाटलं."

"वाचायची गरज आहे का?" मी म्हणालो.

"वाचल्याशिवाय हात कुठं थांबते अन् कुठं पयते, ते समजत नाई जी." आणि ते पुढे निघाले. "जावईबापू मनाने फार चांगले आहेत. तू नशीबवान आहेस. मात्र काचेची, चिनी मातीची आणि एकंदर नाजूक वस्तू त्यांच्या हाती देत जाऊ नकोस. कंदिलाच्या दोन काचा आणि तुझ्या आईची लोणच्याची बरणी गेली. त्यांचा हेतू मदतीचाच होता, हे मी जाणून आहे."

शेजारी केळीवाल्याची गाडी होती. केळीवाला ऐकत होता.

म्हातारबांनी हसण्यात वेळ घालवला नाही. माणूस कामाचा पक्का. त्यांनी कानावरची शिसपेन काढली आणि 'बरणी'खाली बारीक रेघ ओढली. "हे पाहा साहेब. बरणीतला ण. उभा दांडा वरतून जाड येते अन् खाली येत येत बारीक होते. अन् हा कंदिलातला द. पोटात केवढा भरेल हाय. असं अक्षर पाहिजे, बरोबर?"

"बरोबर."

"ना-जू-क," त्यांनी पुन्हा रेघ ओढली. "इथं हात हलका पडला पाहा. नाजूक लिवताना मानूस घाबरला वाटते."

केळीवाला म्हणाला, "घाबरनारच ना बाप्पा."

मग त्यांनी एका चुन्याच्या डबीतून एक निब निवडली. बोटाएवढ्या गुळगुळीत दगडावर पाण्याचा थेंब टाकला, आणि मी सांगितलेल्या कोनात निब धरून तिला आठाच्या आकड्यासारखं फिरवू लागले. पाच-सात वेळा फिरवायची, शाईत बुडवायची आणि पाठकोऱ्या कागदावर लिहून पाहायची. काय लिहायचे, तर 'बरणी'. पत्रातली बरणी आणि कागदावरची बरणी शेजारी धरायची, मान हलवायची आणि पुन्हा दगड. अशा तीन संध्याकाळी लागल्या. तिसऱ्या संध्याकाळी त्यांनी दोन्ही बरण्या माझ्यापुढे ठेवल्या आणि विचारलं, "सासऱ्याची कोनती, माही कोनती?"

मी बराच वेळ पाहिलं. मला सांगता आलं नाही. हे म्हातारबांचं कसब. तरी मला वाटलं, सासूबाईंची बरणी आज कुठे भरून निघाली.

सासरे दुपारी झोपलेले असताना सदऱ्यातून पेन काढून मी निब बसवली. या वेळी, का कोण जाणे, काही पडलं नाही. पत्र गठ्ठ्यात परत गेलं.

दीड महिन्याने चष्मा आला. सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखी जाड काच. पहिल्या दिवशी सासरे जमिनीपासून हातभर उंच पाय उचलून चालत होते आणि चहा कपाच्या अलीकडेच ओतत होते, कारण सगळ्या गोष्टी जवळ आणि मोठ्या दिसत होत्या. दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, ते आंघोळ करून टेबलाशी बसले. पेन काढलं. टोपण फिरवलं. मी दाराशी वर्तमानपत्र धरून उभा होतो, ते उलटं होतं की सुलटं आठवत नाही.

त्यांनी लिहिलं, 'चिरंजीव सौभाग्यवतीस अनेक आशीर्वाद.' ती चिरंजीव सौभाग्यवती चार हातांवर फोडणी घालत होती, पण रविवार म्हणजे रविवार. पुढे लिहीत गेले. अर्धं पान झालं आणि पेन थांबलं. त्यांनी निब चष्म्यासमोर धरली.

"ही निब," ते म्हणाले, "ट आणि ठ लिहिताना खरखरायची. दहा वर्षं खरखरत होती. आज नाही खरखरली."

मी वर्तमानपत्र वर घेतलं. म्हातारबांनी निब जास्तच चांगली केली होती. हा धोका आमच्या दोघांच्याही ध्यानात आला नव्हता.

"तिलाही दीड महिना विश्रांती मिळाली ना बाबा," स्वयंपाकघरातून बायको म्हणाली.

"असेल," सासरे म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या भिंगांमधून त्यांचे डोळे एवढे मोठे दिसत होते की त्यांत काय आहे ते कळेना. मग त्यांनी पान हातभर लांब धरलं, जवळ आणलं, पुन्हा लांब धरलं. "अक्षर माझंच आहे. किंबहुना थोडं सुधारलंच आहे. डॉक्टरचा हात चांगला म्हणायचा. दुसऱ्या डोळ्याची तारीख घेऊन टाका." आणि लगेच, "जावईबापू, तुमची कित्त्याची वही आणा."

त्यांनी दीड महिन्याची पानं एका बैठकीत तपासली. दांडे, गोळे, मग अक्षरं. शेवटच्या पानावर लाल शाईने लिहिलं, 'प्रगती आहे. हात सैल सोडावा.'

त्या दिवसापासून शेजारीपाजारी आले की सासरे त्यांना ते पत्र दाखवत आणि डॉक्टरची स्तुती करत. बर्डीवरच्या ओट्याचं कोणी नाव काढत नव्हतं. माझंही नाही. चार दिवस मी गप्प राहिलो. पाचव्या दिवशी दुपारी सासरे शेजाऱ्यांकडे पत्र दाखवायला गेले होते, तेव्हा मला राहवलं नाही. बायको अंगणात सांबार निवडत बसली होती, म्हणजे कोथिंबीर. आमच्याकडे तिला सांबारच म्हणतात. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं. कामठीवाल्यापासून तिसऱ्या संध्याकाळपर्यंत. थोडं शिक्षा व्हावी म्हणून, आणि खरं सांगायचं तर बरंचसं कौतुक व्हावं म्हणून.

तिने एक जुडी संपवली.

"पत्राचं, ते परत ठेवलंत त्या दिवशीच कळलं होतं," ती म्हणाली. "गठ्ठ्याला माझी सरगाठ असते. तुम्ही निरगाठ मारून ठेवली. सोडवता सोडवता नख तुटलं माझं. वर बरणीखाली शिसपेनीची रेघ. आणि पेनाचं तर त्या निळ्या दाढीपासूनच माहीत होतं, म्हणून तर बाबांना ते उघडू दिलं नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"कशाला? बोलले असते तर तुम्ही सगळं माझ्यावर टाकून मोकळे झाला असता. निब कोणी आणली असती?"

मी म्हणालो, "मग बाबांना सांगायचं का?"

"दुसऱ्या डोळ्याची पट्टी सुटून चष्मा येईपर्यंत तोंडातून शब्द काढू नका. तोवर कित्ता चालू ठेवा. खुश आहेत ते."

"पण निब मिळवली की नाही मी? तशीच्या तशी?"

"मिळवलीत," ती म्हणाली. तिने मांडीवरची देठं झटकली, सांबाराची परडी घेऊन उठली आणि दारात वळून म्हणाली, "पुढच्या वेळी पोस्टात कोणी पेन मागितलं ना, तर त्याला टोपण द्या. पेन मुठीत ठेवा."